आधी संख्या जाते, मग प्राणी

एखादा प्राणी नामशेष झाला की बातमी येते, चार दिवस सगळे हळहळतात. मला विचाराल तर ती बातमी फार उशिराची असते. सुदान घ्या ना, शेवटचा नर उत्तरी पांढरा गेंडा, मार्च 2018 मध्ये केनियात गेला आणि जगभर फोटो फिरले, पण 1960 च्या सुमारास दोन हजारांवर असलेले हे गेंडे शिंगांपायी मारत मारत 1984 पर्यंत रानात जेमतेम 15 उरले होते, खरी बातमी ती होती. आता मायलेकी दोघीच आहेत.

2017 मध्ये सेबायोस, एर्लिक आणि दिर्झो या शास्त्रज्ञांनी 177 जातींच्या सस्तन प्राण्यांचा हिशोब मांडला, तर प्रत्येकाचा किमान 30 टक्के राहण्याचा मुलूख गेलेला, आणि 40 टक्क्यांहून जास्त प्राण्यांचा तर 80 टक्क्यांच्या वर. यादीत मात्र सगळे ‘जिवंत’!

आणि संख्या एकदा फार घटली की मग शिकारी लागतच नाही. फ्लोरिडा पँथर (बिबट्या नव्हे, प्यूमाच, म्हणजे अमेरिकेतलं मोठं रानमांजर) नव्वदच्या दशकात 20-30 वर आले, आपापसातच वीण होत राहिली, मग शेपटीला पीळ, हृदयाला भोक, नरांचं वीर्य निकामी, असं सगळं सुरू झालं. 1995 मध्ये टेक्सासमधून 8 माद्या आणून सोडल्या तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

याउलट सायगा हरणं बघा. 2015 मध्ये कझाकस्तानात ऐन विणीच्या वेळी एका जिवाणूने काही आठवड्यांत दोन लाखांहून जास्त मेली, पण दुसरे कळप शाबूत होते, माद्यांना बहुतेकदा जुळी होतात, शिकारीवर पहारा होता, म्हणून 2023 पर्यंत ती ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून बाहेरसुद्धा आली. हीच साथ हजारभरच सायगा उरले असताना आली असती तर?

मेक्सिकोतला व्हाकिटा, डॉल्फिनच्या गोतातला, साधारण दहाच उरलाय. गंमत म्हणजे (गंमत कसली!) 2022 च्या जनुकीय अभ्यासात निघालं की तो मुळातच हजारो वर्षं कमी संख्येत राहत आलाय, त्यामुळे अंतःप्रजननाने (आपापसातल्या विणीने) लगेच संपणार नाही, टोटोआबा माशासाठी टाकतात आणि ज्यात तो अडकून मरतो ती जाळी थांबली तर अजूनही सावरू शकतो. पण त्या माशाच्या पोटातल्या पिशवीला चोरबाजारात एवढा भाव आहे की बंदी असूनही जाळी पडतातच.