लाडवावरून न्यूयॉर्क

ताईच्या बाळंतपणासाठी आईला न्यूयॉर्कला पोचवायचं काम माझ्या वाट्याला आलं. लातूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, दिवसभर मामाकडं, मग मध्यरात्रीनंतर दोनचं थेट विमान. आईचा हा पहिलाच विमानप्रवास. पिशवीत धपाटे, शेंगाची चटणी आणि ताईसाठी डिंकाचे लाडू.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. आईला आकड्याचं काही वाटलं नाही, पण रेषेचं वाटलं.

"आरं, अमेरिका पश्चिमेला हाय म्हन्तास ना? मग हे वरी का जायलंय?"

"पृथ्वी गोल आहे ना, म्हणून."

"ते मला चौथीतच शिकवलंय. वरी का जायलंय ते सांग."

खरंय, ते काही उत्तर नव्हतं. मी एक लाडू मागून घेतला. एका बाजूला खारकेचा तुकडा म्हणजे मुंबई, पलीकडं जरा वरच्या अंगाला काजूची फाक म्हणजे न्यूयॉर्क. ओळखीसाठी पिशवीच्या बंदाला बांधलेला लाल दोरा सोडला, लाडवाच्या पोटावरून आडवा नेला आणि दोन्ही टोकं ताणली. तुपामुळं दोरा आपोआप सरकत वर गेला, जवळपास डोक्यावर. शिवाय हातात बोटभर दोरा उरला.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून त्या सरळ रेषेनं गेलं तर हेच अंतर १४,२०० च्या आसपास भरतं. दोऱ्याची वाट ६५ अंश अक्षांशापर्यंत, उत्तर ध्रुववृत्ताच्या जरा खालपर्यंत चढते, पण सतराशेच्या आसपास किलोमीटर वाचवते. म्हणजे लातूर-मुंबईच्या तीन एकेरी खेपांहून जास्तच! विमान अगदी त्याच रेषेवरून जातं असं नाही. वारा आणि कुठल्या देशाचं आकाश बंद आहे, तेही बघावं लागतं.

"म्हंजे नकाशा धपाट्यावानी, अन् जमीन लाडवावानी," आई म्हणाली. "पर लाडू नासवलास की. आता तूच खा."

सोळा तासांनी उतरलो तर तिथं सकाळचे साडेआठच वाजलेले. त्याच दिवसाची सकाळ आईला दुसऱ्यांदा बघायला मिळाली.

तीन महिन्यांनी ती एकटी परतली, चौदा तासांत. मुंबईला घ्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "येताना वाट कमी कशी झाली?" वाट तेवढीच. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा असतो, येताना तो पाठीशी. हे मात्र लाडवाशिवाय पटलं. खळ्यावर उपणलेल्या बाईला वाऱ्याची दिशा काय सांगायची!

त्याच रात्री लातूरच्या गाडीत बसलो. मुंबई-लातूर सरळ रेषेत चारशे किलोमीटरसुद्धा नाही, रुळावरून पाचशेच्या वर. कुर्डूवाडीला तिला जाग आली.

"ही एवढा वळसा घालून का जायलीय? हितं बी लाडू हाय का?"

"नाही गं, ही बार्शी लाइट नावाच्या छोट्या रेल्वेची जुनी वाट. १९११ ला लातूरला आली. रूळ रुंद केले, वाट जवळपास तीच."

"मग दोरा वढायचा की कुनीतरी," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.