खानदेशच्या भाचीची संध्याकाळ

२८ सप्टेंबरला आमच्या मंडळात लतादीदींच्या गाण्यांची संध्याकाळ असते. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ वीस मिनिटांत उरकतं. जीव गुंततो तो त्यानंतरच्या थाळनेरच्या भाषणात. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई ते दरवर्षी करतात. दीदींचा जन्म १९२९चा, इंदूरचा. पण आजोळ आपल्या शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं थाळनेर. दीदींच्या आई, माई मंगेशकर, तिथल्या लाड घराण्यातल्या. पावागढचे गरबे दीदींनी आजीकडून उचलले. १९४२ साली मास्टर दीनानाथ गेले आणि तेरावं वर्ष चालू असलेल्या थोरल्या लेकीवर घर आलं. बाई इथवर आल्या, की बायकांमधून आवाज येतो, "आपलीच भाची शे!" भाषण सगळ्यांना पाठ आहे, तरी पदर डोळ्यांना लागतातच.

पत्रिकेत नाव हवं असणारे मात्र सत्कार घेऊन तोवर निघालेले असतात. पितृपक्ष असला तर पुढच्या दोन रांगा आधीपासूनच रिकाम्या. याचं वाईट वाटतं.

गाण्यांत 'महल'चं (१९४९) 'आयेगा आनेवाला' सर्वांत अवघड. मूळ ध्वनिमुद्रणात दीदी लांबून गात माइककडे चालत आल्या होत्या. मंचावर तसं करायला गेलं की फसतं. हातातला माइक वीतभर अंतरापलीकडचं नीट पकडत नाही; आवाज वाढवला, की शिट्टी मारतो. म्हणून गायिकेने जागा सोडायची नाही. माइक आधी वीतभर लांब धरून हळूहळू चार बोटांवर आणायचा, आणि मिक्सरवाल्याने त्याच बेताने आवाज चढवायचा. स्पीकर माइकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे.

मूळ पट्टीचा हट्टही नको. दोन स्वर खाली घेतलं तर बहुतेकींचं तारसप्तक, म्हणजे वरचे स्वर, मोकळं लागतं. त्याहून उतरवलं, की मंद्रातल्या, म्हणजे खालच्या स्वरांतल्या जागा दबतात. पट्टी बदलली, की तबलाही त्या पट्टीचा हवा, नुसतं ठोकून फार उतरवला तर तो बद्द बोलतो. परतीच्या पावसात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, त्यामुळे मंचावर जाण्याआधी पुन्हा हातोडी फिरवावीच लागते.

'साधी माणसं'मधलं 'ऐरणीच्या देवा' शाळेच्या मुली गातात. आनंदघन या नावाने ती चाल दीदींनीच बांधली, हे निवेदनात सांगितलं, की दरवर्षी कोणीतरी नव्याने चकित होतं. त्या मुलींना टाळ्या सर्वांत जास्त मिळतात, आणि मिळायलाच हव्यात.

आता आभार, कोणी राहायला नको. सतरंज्या देणारे मंदिराचे पुजारी, पेटी वाजवणाऱ्या मावशी, मिक्सरवर बसणारे दादा, मुलींचं गाणं महिनाभर आधीपासून बसवून घेणारे गुरुजी, खुर्च्या लावणारी कॉलेजची पोरं, शेवभाजीचा मसाला स्वतः भाजून आणणाऱ्या काकू, कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या त्यांच्या तिघी जावा, लाइट गेली तर म्हणून जनरेटर ट्रॅक्टरवर घालून आणणारे खालच्या गल्लीतले आबा. शिवाय पाण्याचे जार भरणारा मुलगा. त्याचं नाव मागच्या आभारांत सुटलं होतं.