कुलेब्रा कटमधला पाऊस आणि निळा दिवा

चेकलिस्टवर माझी सही आहे. रात्री अकरा वाजता, पनामा कॅनॉलच्या तोंडाशी, कोलोनच्या बाहेर अँकरवर असताना केलेली. 'स्टीअरिंग लाइट, टेस्टेड', पुढे टिक, खाली सही. दिवा मी स्वतः लावून बघितला होता, छान लागला होता, आणि आकाशात एक ढग नव्हता.

मी बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर आहे. जहाज 180 मीटर लांब, 30 मीटर रुंद. पनामाच्या जुन्या लॉकची, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वरखाली करणाऱ्या हौदांची, रुंदी 33.53 मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन मीटरसुद्धा मिळत नाहीत. जगात कुठंही पायलट, म्हणजे वाट दाखवणारा तिथला जाणकार, चढला तरी तो सल्ला देतो आणि जबाबदारी कॅप्टनची राहते, पनामात मात्र जहाज चालवायचा ताबाच पायलटकडे जातो. आणि त्या पायलटला रात्री जहाजाचं नाक कुठं वळतंय हे कळायला अगदी पुढच्या टोकावर एक निळा दिवा लागतो. ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, मागे, मधे चार क्रेन, पुढे अंधार, त्या अंधारात तो एक निळा ठिपका हललेला दिसला की पायलटला कळतं जहाज फिरायला लागलं. कॅनॉलचे लोक या दिव्याबद्दल अजिबात ऐकून घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

गाटूनचे तीन लॉक दुपारी पार झाले. दरवेळी बघतो आणि दरवेळी तितकंच भारी वाटतं, एवढं लोखंड 26 मीटर वर चढतं आणि पाणी चढवायला एकही पंप नाही, वरच्या तळ्यातलं पाणी नुसतं उतारानं चेंबरमध्ये येतं. 1914 पासून हे असंच चाललंय. लॉकमध्ये जहाज धरून ठेवायची केबल आणायला आजही दोन माणसं वल्हवायची होडी घेऊन जहाजाच्या तोंडाशी येतात.

हा कॅनॉल थिओडोर रूझवेल्टचा. तो 1909 मध्ये पायउतार झाला आणि पहिलं जहाज 1914 मध्ये गेलं, पण ही चढाई त्याचीच. मला हा माणूस कॅडेट असल्यापासून आवडतो. मला लहानपणी बाळदमा होता, आई रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायची, आणि हाही दम्यानं खंगलेला पोरगा होता हे वाचलं तेव्हा तो एकदम आपला वाटला. 14 फेब्रुवारी 1884 ला एकाच दिवशी, एकाच घरात त्याची आई आणि बायको गेली, त्या दिवशी डायरीत त्यानं एक मोठी फुली मारली आणि खाली लिहिलं की माझ्या आयुष्यातला उजेड गेला. मग डाकोटात जाऊन गुरं राखली. 42 व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला. 1912 ला मिल्वॉकीत छातीत गोळी लागली, खिशातल्या भाषणाच्या जाड घडीनं आणि चष्म्याच्या डबीनं वाचला, आणि गोळी आत असताना तासभराच्या वर बोलला. आमच्याकडे सर्दी झाली तर वॉच बदलून मागणारे ऑफिसर आहेत.

पण मला सगळ्यात जवळची गोष्ट 1906 ची. कॅनॉलचं काम रखडलंय, चिखल, दरडी, वॉशिंग्टनमध्ये तक्रारी. हा स्वतः आला. पदावर असताना देशाबाहेर गेलेला पहिला अमेरिकन राष्ट्राध्यक्ष. आणि मुद्दाम नोव्हेंबरात आला, पाऊस सगळ्यात वाईट असतो तेव्हा, म्हणजे खरं काय ते दिसेल. भर पावसात 95 टनांच्या वाफेच्या फावड्यावर चढून बसला आणि ते कसं चालतं ते विचारत राहिला. परत जाऊन काँग्रेसला अहवाल दिला तो फोटो घालून. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या कॅडेटला सांगतो, की कागदावर बघू नका, पावसात जाऊन बघा.

आणि मी तो दिवा कोरड्या रात्री बघितला होता.

संध्याकाळी सातच्या सुमारास आम्ही कुलेब्रा कटमध्ये शिरलो. डोंगर फोडून काढलेली 13.7 किलोमीटरची वाट, रुंदी साधारण दोनशे मीटर. पाऊस आला तो कोकणातल्या आषाढासारखा, थेंब नाहीत, नुसता पडदा. मी अँकरसाठी पुढे फोकसलवर, म्हणजे नाकाकडच्या डेकवर होतो, बोसन (खलाशांचा म्होरक्या) आणि एक एबी (खलाशी) बरोबर. निळा दिवा दोनदा मिणमिणला आणि गेला. वॉकीटॉकीवर लगेच पायलटचा आवाज, शांत, पण एकेक शब्द तोडून, फॉरवर्ड, माझा दिवा कुठाय. बत्ती साब, म्हणजे आमचा इलेक्ट्रिकल ऑफिसर, धावत आला, कव्हर उघडलं तर आत पाणी. केबल जिथून आत जाते त्या ग्लँडचं रबर उन्हानं दगड झालेलं, वरून बघून कळणारच नाही असं, पण बोट लावलं असतं तर कळलं असतं. मी बोट लावलं नव्हतं.

बोसननं कचऱ्याची निळी पिशवी फाडून टॉर्चला गुंडाळली. दांड्याला बांधून बघितलं पण पाण्याच्या वजनानं पिशवी सरकायची आणि पांढरा झोत थेट पायलटच्या डोळ्यात जायचा. शेवटी आमचा एबी, सातपाटीचा कोळ्याचा पोरगा, 23 वर्षांचा, तो टॉर्च छातीशी धरून टोकावर उभा राहिला. ड्युटीवर येताना जेवण सोडून पळत आला होता, अंगात नुसतं बॉयलरसूट. पन्नास मिनिटं. मी तीन हातांवर, रेनकोट घालून, एका हातात वॉकीटॉकी, लक्ष सगळं काठाकडे. पायलटनं जहाज सरळ काढलं, कुठं घासलं नाही, कुणाला वरून काही कळलंसुद्धा नसेल.

पेद्रो मिगेल लॉकच्या आधी कॅनॉलचे लाइन हँडलर, म्हणजे दोर सांभाळणारे लोक, चढले. त्यांचा म्होरक्या पन्नाशीचा, काळा, इंग्लिश बोलणारा. त्यानं त्या पोराकडे बघितलं, काही न विचारता स्वतःचा रेनकोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला, मग माझ्याकडे बघितलं. बोलला काही नाही.

लॉकमध्ये साडेनऊ मीटर खाली उतरेपर्यंत उभंच राहायचं असतं. मीच विषय काढला, काहीतरी बोलायचं म्हणून, रूझवेल्ट याच पट्ट्यात पावसात आला होता ना. तो म्हणाला हो, माझा पणजोबा तेव्हा इथंच खणत होता, बार्बाडोसहून आलेला. मोबाइलवर त्यानं एक फोटो दाखवला, पितळेचा गोल बिल्ला, त्यावर नंबर. पगाराला तोच दाखवायचा, नावानं कोण हाक मारत नव्हतं. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्यात, यांचा चांदीत, खानावळी वेगळ्या, राहायच्या जागा वेगळ्या. म्हणाला पणजोबाकडे कपड्यांचा एकच जोड, तो पावसात भिजायचा आणि सकाळी ओलाच चढवायचा.

हे मला माहीत होतं, म्हणजे वाचलेलं होतं. कॅनॉलच्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉक्टर गोर्गस यांच्या माणसांनी डास मारून पिवळा ताप घालवला हे मी कौतुकानं सांगायचो, पण 1906 मध्ये वेस्ट इंडियन मजूर सगळ्यात जास्त मेले ते न्यूमोनियानं, हे सांगायचं राहून जायचं. अमेरिकन काळात, अधिकृत आकडा 5,609 मृत्यू, त्यातले बहुतेक हेच. पुढं दोन वर्षं काम केलेल्यांना रूझवेल्टचा चेहरा असलेलं पदक मिळालं, फ्रेंचांच्या मोडक्या मशिनरीच्या धातूचं. अमेरिकन नागरिक असेल तरच.

तो हे चिडून सांगत नव्हता. रूझवेल्ट नसता तर कॅनॉल झाला नसता असंही तोच म्हणाला. मलाही तसंच वाटतं. पनामा तेव्हा कोलंबियाचा भाग, 1903 मध्ये कोलंबियाच्या सिनेटनं कॅनॉलचा करार फेटाळला, तीन महिन्यांत पनामा स्वतंत्र, अमेरिकेचं युद्धजहाज कोलोनला उभं, तीन दिवसांत मान्यता. पुढे 1911 ला त्यानं उघड सांगितलं की मी तो पट्टा घेतला आणि काँग्रेसला चर्चा करू दिली. एवढी छाती मी कुठल्या पुढाऱ्यात बघितली नाही, आणि हे कोलंबियावर अन्यायाचं होतं हेही मला दिसतं, दोन्ही एकाच वेळी. पावसात येऊन बघणारा तो माणूस मला आजही मोठा वाटतो. फक्त फावड्याच्या सीटवरून त्याला तो ओला कपडा दिसला का, हा प्रश्न आता जात नाही, कारण मला तीन हातांवरून दिसला नव्हता.

पलीकडच्या पॅसिफिक टोकाला, बाल्बोआच्या अँकरेजवर रिपोर्ट गेला, 'हेवी रेनमुळे वॉटर इनग्रेस, तात्पुरती सोय केली'. कॅप्टन साहेब म्हणाले पुरे एवढं. मी खाली एक ओळ घातली की ग्लँड तपासला नव्हता, चूक माझी. साहेबांनी ती काढली नाही, पण बोललेही नाहीत दोन दिवस. ऑफिसकडून उत्तर आलं, चेकलिस्टमध्ये अजून एक रकाना वाढवला आहे.

तिसऱ्या दिवशी पोराला ताप चढला, 102. रेडिओवरून डॉक्टरचा सल्ला घेतला, अँटिबायोटिक सुरू केलं, दर चार तासांनी मीच जाऊन टेंपरेचर घेत होतो. मेडिकल लॉगमध्ये 'कारण' असा एक रकाना असतो. त्यात मी 'पावसात भिजल्यामुळे' लिहिलं, मग बराच वेळ पेन हातात धरून बसलो. पाचव्या दिवशी ताप उतरला. तो कामावर आला आणि सगळ्यात आधी त्यानं होजपाइप ओढत पुढे नेला, नव्या ग्लँडवर पाणी मारायला, आणि मला म्हणाला, सर, तुम्ही ब्रिजवरून बघा, मी इकडनं मारतो. मी म्हटलं नको, होज माझ्याकडे दे.