तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा पैसा असून फुटबॉल क्लब बुडतात कसे?

मी हिशेबातला माणूस आणि त्यात फुटबॉलवेडा, त्यामुळे कोणाबरोबरही मॅच बघायला बसलो की हाफटाइमला एक प्रश्न हमखास येतो, की काय हो, टीव्हीचे एवढे पैसे, जर्सीवर जाहिराती, तिकिटं तर बघायलाच नको, मग हे क्लब बुडतातच कसे? मी सुरुवात करतो, तेवढ्यात सेकंड हाफ सुरू होतो आणि उत्तर राहून जातं. परवा पुन्हा तेच झालं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

पहिली गोष्ट म्हणजे येणारा पैसा क्लबमध्ये थांबतच नाही. आला की खेळाडूंच्या पगारात जातो. १९९५ मध्ये बॉसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या केसमध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला पैसे द्यायची गरज नाही. खेळाडूच्या बाजूने बघितलं तर एकदम रास्त निकाल. पण त्यानंतर चांगल्या खेळाडूला धरून ठेवायचं तर पगार वाढवण्यावाचून क्लबकडे इलाज उरला नाही, आणि शेजारचा वाढवतोय म्हटल्यावर आपणही वाढवायचा. इंग्लंडमधली दुसऱ्या नंबरची लीग, म्हणजे चॅम्पियनशिप, तिथं तर कित्येक सीझन असे गेलेत की सगळ्या क्लबांचं मिळून उत्पन्न कमी आणि पगारच जास्त. १०० रुपये कमवायचे आणि १०० च्या वर नुसते पगारात घालवायचे, बाकी वीज, प्रवास, मैदान हे सगळं वरून. असं कोणतंही साधं दुकान सहा महिन्यांत शटर ओढेल. इथं मात्र सगळ्यांना वाटतं पुढच्या वर्षी आपण प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, जाणार आणि मग सगळं फिटणार. वर जातात तिघं, उरलेले एकवीस जण पुढच्या वर्षी पुन्हा तेच करतात.

लीड्सची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेची, सेमीफायनल खेळलेला इंग्लंडमधला क्लब. त्यांनी ६ कोटी पाउंडांचं कर्ज उचललं, तेही येणाऱ्या वर्षांच्या तिकीटविक्रीवर, म्हणजे जी तिकिटं अजून छापलीच नाहीत ती गहाण. आपल्याकडे ऋण काढून सण म्हणतात तसला प्रकार. गणित असं होतं की दरवर्षी चॅम्पियन्स लीगला जाऊ आणि त्या पैशात हप्ते भरू. पुढच्याच सीझनला जागा हुकली. त्याच्या पुढच्यालाही. मग रिओ फर्डिनंड हा खेळाडू विकला, एकेक करत बाकीचे विकले, स्टेडियमसुद्धा विकलं, २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली आणि २००७ मध्ये आणखी एक पायरी खाली. परत वर यायला २०२० उजाडलं. सगळं बाहेर आलं तेव्हा पेपरवाल्यांना ऑफिसमधले भाड्याने घेतलेले गोल्डफिश सापडले आणि लोक आजही त्या माशांवरच हसतात. मला विचाराल तर बिचाऱ्या माशांचं बिल त्या ताळेबंदात सगळ्यात परवडणारं होतं.

आता थोडा माझा धंदा, कंटाळू नका. समजा १० कोटी पाउंडांना खेळाडू घेतला आणि ५ वर्षांचा करार केला. वहीत खर्च १० कोटी दिसत नाही, दरवर्षी २ कोटी दिसतो. तोच करार ८ वर्षांचा केला तर दरवर्षी फक्त सव्वा कोटी. खेळाडू तोच, पैसे तेवढेच, पण यावर्षीचा तोटा एकदम सुसह्य दिसायला लागतो. चेल्सीने २०२३ च्या जानेवारीत एन्झो फर्नांडिस आणि मुद्रिक यांना साडेआठ-साडेआठ वर्षांचे करार दिले ते उगाच प्रेमाने नाही. त्याच वर्षी युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या संघटनेने, सांगितलं की करार कितीही लांब करा, खर्च पाचच वर्षांत वाटायचा, मग प्रीमियर लीगनेही तेच केलं. याची उलटी बाजू आणखी मजेशीर. अकादमीत वाढलेला पोरगा विकत घेतलेलाच नसतो, त्यामुळे वहीत त्याची किंमत शून्य, म्हणून तो ४ कोटीला विकला की अख्खे ४ कोटी नफा. म्हणजे तोटा आटोक्यात ठेवायला केलेल्या नियमामुळे क्लबला सगळ्यात सोयीचं काय, तर आठव्या वर्षापासून आपल्याकडे खेळणारं, स्टँडमधल्या लोकांना नावानिशी माहीत असलेलं घरचं पोर विकणं! नियम करणाऱ्यांच्या हे डोक्यात आलं नसणार असं मी म्हणतो, पण माझा मित्र म्हणतो आलं असणार.

पण खरं सांगू का, हिशेबाच्या युक्त्या मला फारशा सतावत नाहीत. नियम नसतात असंही नाही. प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ च्या सीझनपर्यंतचा नियम असा, की तीन वर्षांत साडेदहा कोटी पाउंडांच्या वर तोटा चालत नाही, तो मोडला म्हणून एव्हर्टन क्लबचे २०२३-२४ च्या सीझनमध्ये आधी १० पॉइंट कापले, अपिलात ६ केले, नंतर दुसऱ्या केसमध्ये आणखी २. सगळे चाहते कॅल्क्युलेटर घेऊन बसलेले. घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी. मी कुठल्याही कंपनीचे कागद बघायला बसलो की आकड्यांच्या आधी बोर्डावर कोण आहे ते बघतो, आणि त्यातला कोण माणूस मालकाला तोंडावर 'साहेब, हे जमणार नाही' म्हणू शकतो ते शोधतो. फुटबॉल क्लबात बऱ्याचदा असा माणूसच सापडत नाही. मालक, मालकाचा मुलगा, मालकाचा वकील. झालं बोर्ड.

बरी नावाचा क्लब घ्या. मँचेस्टरच्या जवळ, १८८५ चा. १९०३ ची एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या स्पर्धेची, फायनल त्यांनी डर्बीविरुद्ध ६-० जिंकली होती, आणि त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २०१९ च्या मे महिन्यातली मँचेस्टर सिटी लागली. २०१८ च्या डिसेंबरमध्ये हा क्लब एका गृहस्थांनी १ पाउंडाला घेतला. नंतर त्यांनीच मुलाखतीत सांगितलं की बरी नावाची टीम आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं. आणि लीगचा कारभार बघा, मालकी आधी बदलू दिली आणि चालवायला पैसे आहेत का याचा पुरावा नंतर मागत बसले, जो काही समाधानकारक आलाच नाही. पगार थकले. पगार थकलेले असतानाच टीमने प्रमोशन मिळवलं, हे मला अजून पचत नाही.

२७ ऑगस्ट २०१९, मंगळवार. कोणीतरी क्लब विकत घेणार अशी बातमी होती, शनिवारी मॅच होईल अशी आशा होती, तर शेकडो लोक सकाळी गिग लेनवर, म्हणजे बरीच्या मैदानावर, झाडू, फडकी, बादल्या घेऊन साफसफाईला आले. खुर्च्या पुसल्या. मी ते फोटो ऑफिसात चोरून बघत होतो. एक बाई वाकून एकेक सीट घासतायत, बाजूला निळी बादली. दुपारी घेणारा मागे हटला, आणि रात्री उशिरा लीगने क्लबला काढून टाकल्याचं जाहीर केलं. १३४ वर्षं. त्या सीट घासणाऱ्या बाईंना या सगळ्यात एक मत देता आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून तेव्हापासून गेलेला नाही.

इथं कोणीतरी म्हणणारच, की मग जर्मनीसारखं करा. १९९८ पासून तिथं ५०+१ चा नियम आहे, पैसे कोणाचेही लागोत, निम्म्याहून एक जास्त मत सभासदांच्या संस्थेकडे राहायला हवं. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्गला सूट, कारण बायर आणि फोक्सवॅगन या कंपन्या आधीपासूनच तिथं मालक होत्या. मला हा नियम आवडतो पण तो जादूची कांडी नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये लीगने टीव्हीहक्कांच्या कमाईतला हिस्सा गुंतवणूकदाराला द्यायचा की नाही यावर मतदान घेतलं, ३६ क्लबांपैकी २४ मतं हवी होती, बरोबर २४ पडली. हॅनोव्हरच्या मूळ क्लबाने आपल्या प्रतिनिधीला विरोधात मत द्यायला सांगितलेलं, पण मतदान गुप्त, त्यामुळे त्याने नेमकं काय केलं यावरून गदारोळ. मग प्रेक्षकांनी मॅच चालू असताना मैदानात टेनिस बॉल फेकायला सुरुवात केली. दर आठवड्याला मॅच थांबायची, गोलकीपर बॉल गोळा करत फिरायचे. फेब्रुवारीत लीगने तो विषय गुंडाळला. नियम कागदावर होताच, तो पाळायला लावला टेनिस बॉलांनी.

आणि बार्सिलोना तर पूर्ण सभासदांचा क्लब. १९९० च्या कायद्याने स्पेनमधल्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावं लागलं, चारच सुटले, त्यातला हा एक. मालकच नाही म्हटल्यावर उधळपट्टी नाही, असं वाटतं ना? २०२१ च्या ऑगस्टमध्ये नवीन अध्यक्ष लापोर्तांनी सांगितलं, १३५ कोटी युरो देणं आहे आणि पगारच उत्पन्नाच्या १०३ टक्के. अहो, निवडणूक लढवणाऱ्या अध्यक्षाला मोठा खेळाडू आणून दाखवायचाच असतो, पुढचं पुढचा बघेल. मेस्सीला ठेवता आलं नाही कारण स्पॅनिश लीगच्या पगारमर्यादेत तो बसत नव्हता. मात्र एक फरक आहे, तिथं २०२० मध्ये वीस हजारांच्या वर सभासदांनी अविश्वासाच्या अर्जावर सह्या केल्या आणि लापोर्तांच्या आधीच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. उशीर झाला, पण लोकांच्या हातात दोरी होती. बरीत दोरीच नव्हती, बादल्या होत्या.

बुडाल्यावर कोणाचे पैसे जातात हेही कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. पोर्ट्समथ, २००८ चा एफए कप विजेता, २०१० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. इंग्लंडमध्ये नियम असा की खेळाडू आणि दुसरे क्लब यांचे पैसे पूर्ण चुकते करायचे, नाहीतर लीगमध्ये जागा नाही. बाकीच्यांना पाउंडामागे काही पेन्स. बाकीचे म्हणजे सरकारी कर, गावातले छोटे पुरवठादार, आणि त्या यादीत सेंट जॉन अॅम्ब्युलन्ससुद्धा होती, मॅचला कोणी चक्कर येऊन पडलं तर धावणारी. करखात्याने हा नियम कोर्टात नेला आणि २०१२ मध्ये केस हरलं.

२०२५ मध्ये ब्रिटनने शेवटी कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला, क्लबला लायसन्स घ्यावं लागणार, मालक आधी तपासणार, स्टेडियम विकायचं किंवा रंग बदलायचे तर मनमानी चालणार नाही. (कार्डिफच्या मालकांनी २०१२ मध्ये निळी जर्सी लाल केली होती. टीमचं टोपणनाव ब्लूबर्ड्स!) कागदावर तरी बरं दिसतंय.

बरीचं पुढं काय झालं हेही लोक विचारतात. काही चाहत्यांनी नवा क्लब काढला, काहींनी मैदान परत मिळवलं, आणि दोन्ही गट एकमेकांशी धड बोलेनात. एकत्र येण्यासाठी २०२२ मध्ये मतदान झालं, ते पुरेशी मतं न पडल्यामुळे फसलं. २०२३ मध्ये पुन्हा घेतलं, तेव्हा पास झालं आणि गिग लेनवर परत मॅच सुरू झाल्या, बऱ्याच खालच्या लीगमध्ये. आता तिथं सभासद बैठकीला येतात, मत देतात आणि अर्थातच भांडतात.