बुलव्हिप मोजताना विक्रीला मागणी समजू नका

दुकानाकडून कारखान्याकडे जाताना ऑर्डरमधले चढउतार वाढत जातात, तो बुलव्हिप परिणाम. तो मोजायला ऑर्डरच्या व्हेरिअन्सला (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) मागणीच्या व्हेरिअन्सने भागायचं. उत्तर १ च्या वर गेलं की तो आहेच.

खरी गोम डेटात आहे. माल संपलेल्या दिवशी विक्री शून्य दिसते, मागणी शून्य नसते. साठ्याच्या नोंदी पाहून ते दिवस आधी वेगळे काढा, नाहीतर भाजकच चुकतो. मासिक बेरजा तर टाळाच, आठवड्यांचे झटके त्यात विरून जातात.

लक्ष्य पातळीपर्यंत साठा भरायची पद्धत, आठवड्यागणिक स्वतंत्र मागणी आणि २ आठवड्यांचा लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल हातात येईपर्यंतचा वेळ) धरला, तर मागणीचा अंदाज मागच्या ५ आठवड्यांच्या चल सरासरीवर बांधल्यास हे गुणोत्तर किमान २.१२ येतं, १० आठवड्यांच्या सरासरीवर १.४८. मात्र मागणीचा कल बदलला, तर लांब सरासरीला तो उशिरा कळतो.