अंगठ्याच्या मुळाशी लाल ठिपका

"दुखतंय कुठं? मग बघायचं काय त्यात?" राजारामपुरीतल्या मधुमेहींच्या पाय-तपासणी शिबिरात आज सकाळी पायातली कोल्हापुरी काढता काढता काकांनी डॉक्टरांना विचारले.

डॉक्टरांनी त्यांना थोडा वेळ पाय उघडे ठेवून बसवले आणि मग मोबाईलला जोडलेला काडेपेटीएवढा, उष्णता रंगांत दाखवणारा थर्मल कॅमेरा तळव्यांसमोर धरला. डावे पाऊल पडद्यावर निळे-हिरवे, म्हणजे थंड होते. उजव्याला मात्र अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा लाल, म्हणजे गरम ठिपका. नुसत्या डोळ्यांना तिथे साधा घट्टा दिसत होता.

दोन्ही पावलांच्या त्याच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक टिकून राहिला, तर ती आतल्या दाहाची आगाऊ सूचना मानतात. दाह कशामुळे, हे कॅमेरा सांगत नाही, ते डॉक्टरांनीच शोधायचे. पण कातडी फुटण्याआधी नेमक्या जागेवर बोट ठेवतो, हे मला फार मोलाचे वाटते.

नंतर डॉक्टरांनी काकांना डोळे मिटायला सांगून १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा त्या घट्ट्याच्या कडेला टेकवला. धागा वाकला, तरी काका "कधी लावताय?" असेच विचारत राहिले. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या माणसाला "दुखत नाही" याचा आधार वाटावा आणि तोच त्याचा घात करणारा असावा, हे दिवसभर मनातून जात नाही. हेच काका चैत्रात जोतिबाचा डोंगर अनवाणी चढतात.

दर दिवाळीला मी या पावलांवर डोके ठेवतो. तळवे मात्र आज पहिल्यांदा पाहिले. तुमच्या घरात ते कोण पाहते?