आमची वाटचाल : बॅटरचे दहा सेकंद

अमेरिकेत बेसबॉलचा बॅटर, म्हणजे फलंदाज, प्लेटकडे (जिथे उभं राहून चेंडू मारायचा तिकडे) निघाला की मैदानावर त्याचं स्वतःचं गाणं लागतं. शाळा-कॉलेजांच्या आणि क्लबांच्या संघांना अशी गाणी निवडायला मदत करणं, ती कापणं आणि वाजवायची सगळी व्यवस्था लावून देणं, हा आमचा धंदा.

मुळात आम्ही साउंड सिस्टिम भाड्याने देणारे. न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या कोचने स्पीकर लावायला बोलावलं आणि जाता जाता विचारलं, "पोरांच्या गाण्यांचंही तुम्हीच बघाल का?" हो म्हणून टाकलं. स्पीकर कुणीही देतं. गाण्यांचं काम मन लावून करणारं आसपास कुणी नव्हतं.

ही हौस मोठ्या मैदानांवरून खाली आली. शिकागो व्हाइट सॉक्स या व्यावसायिक संघाच्या ऑर्गनवादक नॅन्सी फाउस्ट १९७०च्या दशकातच खेळाडूगणिक वेगळी धून वाजवत. पुढे न्यूयॉर्क यांकीज संघाचा मारियानो रिव्हेरा पिचिंगला, म्हणजे गोलंदाजीला, निघाला की मेटॅलिका या रॉक बँडचं 'एंटर सँडमॅन' लागायचं, १९९९पासून थेट त्याच्या निवृत्तीपर्यंत. ते गाणं त्याने निवडलेलं नव्हतं, स्टेडियमच्या माणसांनी निवडलं होतं. नव्या संघाला हे मी आवर्जून सांगतो. गाडीत ऐकायला आवडणारं गाणं मैदानावर शोभेलच असं नाही.

खरा प्रश्न गाण्याचा नसतोच, त्यातल्या कुठल्या तुकड्याचा असतो. मेजर लीगने, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक स्पर्धेने, २०१५ साली या गाण्यांना दहा सेकंदांची मर्यादा घातली. २०२३मध्ये पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला किती वेळ ते मोजणारं घड्याळ, आलं, तेव्हापासून दोन बॅटरांमध्ये तीसच सेकंद मिळतात. शाळांच्या सामन्यांना हे नियम नाहीत, पण अंपायरचा धीर साधारण तेवढाच असतो.

एका कॅचरला (हा आपल्या यष्टिरक्षकासारखा, पण फलंदाजीही करतो) लांबलचक रॉक गाण्यातला गिटार सोलो हवा होता. त्याला हेल्मेट-ग्लोव्ह्ज घालायला लावून ऑन-डेक सर्कलपासून, म्हणजे पुढचा बॅटर थांबतो त्या जागेपासून, प्लेटपर्यंत चालवलं. निघताना तो ग्लोव्ह्जचे पट्टे दोनदा आवळतो, प्लेटला बॅट टेकवतो आणि मगच पवित्रा घेतो. सोलो रंगात यायला वेळ घेत होता, तोवर याचं चालणं आटोपायचं. पण सोलोच्या जरा आधी ड्रमची एक झकास फिरकी होती. तिथून काप घेतला. आता पट्टे आवळताना ड्रम आणि बॅटरच्या चौकटीत पाय ठेवताना गिटार. पोरगा नुसता हसला, दुसरं गाणं ऐकायलाही तयार होईना.

शिव्यांचं त्रांगडं वेगळंच. रेडिओसाठीच्या आवृत्तीत शिवी गाळलेली असते, पण नेमक्या त्या रिकाम्या जागी अख्खं डगआउट (बाकावर बसलेला संघ) ती ओरडतं! म्हणून आम्ही तो भागच टाळतो.

आवाजाचीही गंमत आहे. सेंटर फील्डच्या, म्हणजे प्लेटसमोरच्या पार टोकाच्या, स्कोअरबोर्डवर स्पीकर असले, तर सुमारे चारशे फुटांवरून प्लेटपर्यंत आवाज यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो आणि अनाउन्सरचे शब्द एकमेकांवर चढतात. आम्ही स्पीकर बॅकस्टॉपजवळ (प्लेटमागच्या जाळीजवळ), प्रेक्षकांकडे तोंड करून लावतो. ब्लूटूथ नाही, वायरच. टॅबलेटवर प्रत्येक खेळाडूचं एक बटण, आणि कोचने लाइनअप कार्ड (फलंदाजीच्या क्रमाचा कागद) दिलं की बटणं त्याच क्रमाने लावायची. पिचर तयार झाला की आवाज हळूहळू उतरवून बंद. नव्या ऑपरेटरला आम्ही सगळ्यात जास्त सराव या बंद करण्याचाच देतो.

परवान्याचं आधीच विचारून घेतो. स्वतःपुरतं घेतलेलं स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन मैदानावर गाणी वाजवायला चालत नाही. संस्थेकडे आस्कॅप, बीएमआय वगैरे गाण्यांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थांचे परवाने लागतात. यावर काही कोच कुरकुरतात. कुरकुरू देत.

पूर्वी प्रत्येक सामन्याला आमचा माणूस बसायचा. मग फोनवरची ॲप्स आली आणि त्या कामाचे पैसे द्यायला संघ नाखूश झाले. आम्ही गणित बदललं. हंगामाच्या सुरुवातीला गाणी कापून, सिस्टिम लावून, एखाद्या पालकाला शिकवून मोकळे होतो. एका संघामागे पैसे कमी सुटतात, पण संघ वाढले. हिवाळ्यात मात्र अजूनही भाड्याच्या स्पीकरवरच घर चालतं.

अलीकडे सॉफ्टबॉलच्या (बेसबॉलसारखाच, पण लहान मैदानावरचा खेळ) मुलींचे संघही येऊ लागलेत. तिथे बेसमधलं, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांमधलं, अंतर नव्वदऐवजी साठ फूट, कुंपणही जवळ, त्यामुळे आवाज बेताचा ठेवावा लागतो. आणि या मुली गाणं कुठून कुठपर्यंत हवं ते सेकंदासकट लिहून आणतात.